जनूकाकांची शिरगणती

मिठागरातून बाहेर पडताना जनूकाका माणसे मोजत. बांध संपून डांबरी रस्ता लागतो तिथे आमची जीप उभी असे. तिच्याजवळ पोहोचल्यावर ते वळत, तोंड मिठागराकडे करत आणि बोट न उचलता, नुसत्या हनुवटीने एकेकाकडे निर्देश करत मोजत. एक म्हणजे मी, दोन म्हणजे निखिल, तीन म्हणजे ते स्वतः. मग क्षणभर थांबून, ज्या बांधावरून आम्ही नुकतेच चालत आलो होतो त्या रिकाम्या बांधाकडे हनुवटी वळवून ते म्हणत, "चार." त्यानंतरच ते जीपमध्ये बसत.

आम्ही तिघेच होतो. पहिल्या दिवशी निखिलने ते लगेच दाखवून दिले. निखिल आमच्या कंपनीत नकाशे करतो, गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेला आहे आणि समोरच्याचे वय पाहून जीभ आवरण्याची सवय त्याला नाही. "काका, टोटल चुकतंय. आपण थ्री आहोत."

"तीन दिसतो," काका शांतपणे म्हणाले. "निघताना एक जास्त मोजावा. जास्त मोजलेला त्रास देत नाही."

मी त्या दिवशीच्या वहीत एक ओळ लिहिली. ती अजून तशीच आहे: "स्थानिक मदतनीस. मोजणी तपासून घ्यावी."

ही ओळ लिहिण्याची घाई मला का झाली, ते सांगायला हवे. पर्यावरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी एका सल्लागार कंपनीत दोन वर्षे काम केले होते आणि माझ्या नावाने निघणारा हा पहिलाच अहवाल होता. वसई पूर्वेला, खाडीच्या अंगाला, कित्येक वर्षे बंद पडलेल्या एका मिठागरावर सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव होता. सौर प्रकल्पांसाठी असा परिणाम-अभ्यास सहसा सक्तीचा नसतो. परंतु इथे खाडी होती, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेची तशी अट होती. एका हिवाळ्याची निरीक्षणे, पाणी आणि मातीचे नमुने, पक्ष्यांची गणती, आणि शेवटी एक सुटसुटीत निष्कर्ष, एवढे माझ्याकडून अपेक्षित होते. सौरऊर्जेवर माझा विश्वास होता आणि आजही आहे. मिठाशिवाय काही न उगवणाऱ्या ओसाड जागेसाठी यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नव्हता. हा अहवाल वेळेत गेला तर पुढच्या, याहून मोठ्या कामाचे नेतृत्व माझ्याकडे येणार होते. तसे मला स्पष्ट सांगण्यात आले होते.

जनूकाकांचे पूर्ण नाव जनार्दन. नंदाखालला त्यांची केळी-नारळाची वाडी होती, परंतु ऐन उमेदीची वर्षे त्यांनी वाडीत नव्हे, तर याच मिठागरावर मुकादम म्हणून काढली होती. म्हणूनच आम्ही त्यांना मदतीला घेतले होते. सत्तरी उलटलेली, अंगकाठी वाळलेल्या झावळीसारखी, पांढरा सदरा गळ्यापर्यंत बटणे लावलेला, चष्म्याला काळी दोरी, आणि हातात एक छत्री, जी कितीही ऊन असले तरी ते कधीही उघडत नसत. खांद्यावरच्या पिशवीत घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, असत. काम संपेपर्यंत ते स्वतः खात नसत, पण मला एक आणि निखिलला दोन देत, कारण निखिल एक आपण होऊन मागून घेई. घरी ते काकूंशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलत. त्यातले मला निम्मे कळत नसे. आमच्याशी बोलताना मराठी शाळेतली असे, पण मजुरांमध्ये घालवलेल्या वर्षांनी तिच्यातला 'ण' झिजवून टाकला होता. पाणी त्यांच्या तोंडी पानी असे. मला ते 'बाय' म्हणत.

मिठागराचे बावीस कप्पे होते. एकेका कप्प्याच्या काठावर दहा मिनिटे उभे राहायचे, दिसेल त्या पक्ष्याची नोंद करायची आणि पुढे सरकायचे, अशी माझी पद्धत होती. काकांना ती पसंत नव्हती. ते काठावर आले की छत्री चिखलात रोवत आणि काहीही न करता उभे राहत. मी घड्याळाकडे पाहिले तर म्हणत, "मोजन्याआधी थांबावं, बाय. आपन आलो की जागा श्वास रोखते. तिनं तो सोडला की मग मोज."

मला हे काव्यमय आणि निरुपयोगी वाटे. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून मी स्वतःच त्या क्षणाची वाट पाहू लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही पोहोचताच सारे खरोखर थांबत असे. खेकड्यांची टिकटिक बंद पडे. वाराही पडल्यासारखा वाटे. मग काही वेळाने, कुठेतरी चिखलात एक बुडबुडा फुटे आणि त्याच्यामागून एकेक आवाज परत येई, जणू आमच्याबद्दल काहीतरी ठरवून झाले आहे.

दुपारी त्या जागेला क्षितिज नसे. पांढऱ्या सुकलेल्या तळावरून उन्हाची वाफ उठे आणि पलीकडचे बांध जमिनीपासून हातभर वर तरंगत. दूर, सोळाव्या कप्प्याच्या बाजूला, नेहमी कोणीतरी उभे दिसे. पाय नसलेली, किंचित पुढे झुकलेली आकृती. दुर्बीण लावली की तो उघाडीचा खांब निघे. खाडीचे पाणी आत घेण्याची किंवा अडवण्याची ती जुनी झडप. फळ्या कुजून गेल्या होत्या, एक खांब तेवढा उरला होता. तो खांब आहे हे मला पक्के ठाऊक झाल्यानंतरही, दुर्बीण खाली घेतली की पुन्हा माणूस दिसे. काका त्या दिशेने पाहून छत्री किंचित उचलत, रस्त्यात ओळखीचा भेटल्यावर करतात तशी. मी विचारले, कोण आहे तिथे. ते म्हणाले, "खांब आहे. तूच बघितलास ना?"

सोळावा कप्पा इतरांसारखा नव्हता. बाकीचे कप्पे भरतीला ओले आणि ओहोटीला कोरडे होत, हा मात्र कायम भरलेला असे. काळे, खोल दिसणारे पाणी आणि कडेला थोडे लव्हाळे. पक्ष्यांचे नोंदपत्रक काका भरत, आणि त्यात याच एका कप्प्यापुढची चौकट प्रत्येक फेरीत रिकामी असे. इतरत्र जिथे पक्षी नसेल तिथे ते ठळक शून्य काढत आणि त्याच्याखाली बारीक आद्याक्षरी सही करत. इथे शून्यही नाही.

एकदा मी त्यांना खोदून विचारले. काका म्हणाले, "शून्य म्हंजे मी पूर्न बघितलं, आनि नव्हतं. त्याला सही लागते. रिकामं म्हंजे माझं बघून झालं नाय."

"दहा मिनिटं पाहिलंत की."

"दहा मिनिटं तू घड्याळ बघितलंस."

निखिल हसला. एव्हाना काकांच्या चौथ्या माणसाची त्याला सवय झाली होती. परतताना तो विचारी, "काका, चौथ्याला सीटबेल्ट लावू का?" काका म्हणत, "त्याला मागं बसव. पुढं तुझी गानी ऐकावी लागतात." असे म्हणून ते स्वतः दाराला चिकटून बसत. जीप निखिल चालवी, आणि मागच्या बाकावर काका आणि मी यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी राही. मीही तिथे कधी पिशवी ठेवली नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी काकांनी आम्हाला मिठागरावर नेण्याऐवजी वालीवला नेले. तिथे औषधाच्या बाटल्यांची झाकणे बनवणारा एक छोटा कारखाना होता आणि त्याच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसवलेले होते. तिथला फिटर काकांच्या ओळखीचा होता. त्याने आम्हाला शिडीवरून वर नेले. सूर्य नुकताच वर आला होता. निळसर काळ्या काचांच्या रांगा ओल्या दिसत होत्या, आणि दोन रांगांच्या मधल्या पत्र्यावर एक टिबुकली बसली होती.

टिबुकली म्हणजे मुठीएवढे, बुडी मारणारे पाणपाखरू. तिचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात. त्यामुळे तिला जमिनीवर धड चालता येत नाही, आणि कोरड्या जागेवरून उडताही येत नाही. उडण्यासाठी तिला पाण्यावर लांबवर धावावे लागते. हे मी परीक्षेत लिहिले होते. पत्र्यावर बसलेली टिबुकली मी कधी पाहिली नव्हती. तिला कुठेही जखम नव्हती. ती नुसती समोरच्या काचेकडे तोंड करून बसली होती. आम्ही जवळ गेलो तरी हलली नाही. तिचे पाय मात्र हलत होते. पत्र्यावर, एका लयीत, एकामागून एक, ती पोहत होती.

फिटर सांगत होता की हिवाळ्यात सकाळी कधी कधी अशी सापडतात, वरून काच पाण्यासारखी दिसत असावी, आपण बादलीत घालतो आणि तलावात सोडतो. हे सांगताना त्याने आवाज खाली आणला होता. काकांनी पिशवीतला पंचा काढला, तिला त्यात घेतले आणि छातीशी धरले. पंच्यातही ते पाय थांबले नव्हते. वालीवपासून खाडीपर्यंत ती जीपमधल्या त्या मोकळ्या जागेवर, काकांच्या हाताखाली होती.

काकांनी तिला सोळाव्या कप्प्यात सोडले. पाण्याला टेकताच ती बुडाली. एक वलय उठले, पसरले आणि काठाला लागून विरले. आम्ही तिच्या वर येण्याची वाट पाहू लागलो. पाच मिनिटे झाली. दहा झाली. लव्हाळ्यांत हालचाल नव्हती. मी पाऊण तास उभी होते, आणि त्या काळ्या पाण्यावर पुन्हा काहीही आले नाही.

काकांनी नोंदपत्रक माझ्यापुढे धरले. "आपन आपल्या हातानं सोडली. आता लिही. शून्य लिहितेस का?"

मी म्हणाले की आपणच सोडलेला पक्षी गणतीत धरता येत नाही, तो नियम आहे. पत्रकात मी काहीच लिहिले नाही. माझ्यापुरता तो विषय तिथेच संपला.

फेब्रुवारीअखेर शेवटच्या फेरीचे सोडून सगळी पत्रके माझ्याकडे जमा झाली आणि मी ती संगणकात भरायला घेतली. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला रिकामी चौकट चालत नाही. ते विचारते, मोकळ्या जागांचे काय करायचे? वगळायच्या की शून्याने भरायच्या? वगळल्या असत्या तर सोळावा कप्पा तक्त्यातून पूर्ण गेला असता आणि त्याचे कारण लिहावे लागले असते. मी दुसऱ्या पर्यायावर खूण केली. एवढेच. त्या निर्णयाला तीन-चार सेकंद लागले असतील.

त्या शून्यांचा पुढे उपयोग झाला. मसुदा प्रकल्पाच्या अभियंत्यांकडे गेला. सगळ्या बावीस कप्प्यांत एकही जीव न नोंदवलेला कप्पा एकच होता. त्यांनी ट्रान्सफॉर्मरचे आवार तिथे धरले. खड्डा खोल असल्यामुळे भरावाचे काम सर्वांत आधी तिथून सुरू होणार होते. नकाशावर सोळाव्या कप्प्यावर तिरप्या रेषा आल्या, आणि कोपऱ्यात माझ्या तक्त्याचा क्रमांक संदर्भ म्हणून आला. माझे काम कोणीतरी वापरत आहे, याचा मला आनंद झाला.

मसुद्याची एक प्रत घेऊन मी नंदाखालला गेले. खरे तर काकांना त्यांचे नाव दाखवायचे होते. आभारांच्या पानावर मी ते घातले होते. वाडीत, विहिरीजवळच्या बाकावर ते बसले होते. काकूंनी चहा आणून ठेवला. काकांनी आभारांचे पान न पाहताच उलटले, चष्मा दोरीवरून डोळ्यांवर घेतला, आणि तक्ता काढून सोळाव्या ओळीवर नख ठेवले.

"हे शून्य कोनी घातलं?"

मी सॉफ्टवेअरबद्दल सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतले. मग ते पुन्हा, त्याच आवाजात म्हणाले, "कोनी घातलं, बाय?"

"मी."

काकूंनी त्यांच्या बोलीत काहीतरी विचारले. काकांनी हाताने त्यांना थांबवले. चहा निवत होता. केळीच्या पानांत वारा होता, तो पडला. ती तीच शांतता होती, मिठागरातली, आम्ही पोहोचल्यावर होणारी. पुढचे त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितले. मी ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देते.

"तवा तो कप्पा सुका होता. बाकीच्यांसारखाच. माझ्या हाताखाली नऊ मजूर. निघताना मी रोज नऊ मोजायचो. मुकादम स्वतःला मोजत नाय. त्या दिवशी अमावास्या, उधानाची भरती भर दुपारची. पानी बांधाच्या कडेला आलं, सगळे पळाले. रस्त्याशी येऊन मी मोजले. घाईत सुरुवात स्वतःपासून केली. नऊ भरले."

त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला.

"त्या नवांतला लाडक्या उघाडीवर होता. फळी दाबून धरायला मीच सांगितलेलं. बांध तिथंच फुटला. पानी आत शिरलं ते जमीन खनत शिरलं. तो खड्डा म्हंजे तुझा सोळावा. त्याला तळ सापडला नाय, आनि लाडक्याही."

त्यांनी तक्त्यावरचे नख उचलले नव्हते.

"मालक म्हनाला, हजेरीत शून्य टाक. आला नव्हता म्हन. मी टाकलं. खाली सही केली. त्याची बायको तीन दिवस बांधावर बसून होती. सकाळी भाकरी तिनंच बांधून दिलेली. मी तिला वही उघडून दाखवली. तिला अक्षर येत नव्हतं. पन शून्य कोनालाही कळतं, बाय."

शेवटी त्यांनी प्रत मिटून माझ्या हातात दिली. "माझं शून्य आनि तुझं शून्य एकाच जागेवर पडलंय. माझं आता निघनार नाय. तुझं अजून कागदावर आहे."

मी दुरुस्त करते, असे सांगून निघाले. वाडीच्या फाटकाशी त्यांनी मला मोजले. मी एकटीच होते. "दोन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विभागप्रमुखांना सांगितले. त्या मला नेहमीच चांगल्या रीतीने वागवत आल्या आहेत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मसुदा पुढे गेला आहे, आराखडा त्याच्यावर आधारलेला आहे, एका म्हाताऱ्या माणसाच्या मोकळ्या चौकटीसाठी तो परत मागवायचा असेल, तर हाताशी पुरावा हवा. "रिकाम्या जागेचा पुरावा काय देणार तू?" असे त्यांनी विचारले. मी विचार करते म्हणाले, आणि एक आठवडा नुसता विचार केला. हा आठवडा माझ्या खात्यावर आहे.

त्या आठवड्याच्या शेवटी जनूकाका गेले. सकाळी केळींना पाणी सोडायला वाडीत गेले, आणि न्याहारीला आले नाहीत म्हणून काकू पाहायला गेल्या. ते विहिरीजवळच्या बाकावर बसले होते. छत्री मांडीवर आडवी होती. पाट भरून पाणी वाडीबाहेर वाहत होते.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतले. शेवटच्या फेरीचे नोंदपत्रक घरीच राहिले होते, ते त्यांना मला द्यायचे होते. त्या सांगत होत्या की अलीकडे काका घरातही जेवायला बसताना एक पान जास्त मांडायला लावत, आणि काकूंना वाटे, मुलगा परदेशी असतो म्हणून. मी पत्रक हातात घेतले. एकवीस चौकटी भरलेल्या, सोळावी मोकळी. मी ते उन्हात तिरपे धरले, आणि तेव्हा मला दिसले की ती मोकळी नव्हती. चौकटीच्या मधोमध पेन्सिलीचा एक ठिपका होता. लिहिण्यासाठी टोक टेकवून, न लिहिता उचलल्यावर उरतो तेवढाच.

त्या संध्याकाळी कार्यालयात मी आणि निखिलने हिवाळ्याची सगळी पत्रके काढली. प्रत्येकात तो ठिपका होता. संगणकात भरताना मी आणि तपासताना निखिलने तो कागदावरचा डाग समजून सोडला होता. निखिल एकही विनोद न करता पत्रके लावत होता. मग म्हणाला, "मॅम, ते दर वेळी थांबले होते. दर वेळी."

हा पुरावा होता. निरीक्षक प्रत्येक फेरीत त्या जागी थांबला होता, आणि त्याने प्रत्येक वेळी शून्य लिहायला नकार दिला होता. मी तक्ता बदलला. सोळाव्या ओळीत शून्याऐवजी "निरीक्षण अपूर्ण" असे लिहिले, पाणी टिकवून धरणारा हा एकमेव कप्पा असल्याची टीप जोडली, वालीवच्या छपरावरची टिबुकली नोंदवली, आणि आणखी एक पूर्ण हंगाम निरीक्षण झाल्याशिवाय भराव घालू नये, तसेच काचांना पाण्याचा भास मोडणारे पांढरे पट्टे असावेत, अशी शिफारस केली. मूळ मसुद्यातली शून्ये निरीक्षकाची नसून माझी होती, हेही लिहिले. खाली सही केली.

त्यामुळे अहवाल रखडला. ते मोठे काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेले, आणि तो ते उत्तम करतो आहे. ट्रान्सफॉर्मरचे आवार रस्त्याच्या बाजूला सरकवता येते, असे अभियंत्यांच्या लक्षात आले. सोळावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे कप्पे सध्या आराखड्याबाहेर आहेत. सध्या, एवढेच म्हणता येईल.

या हिवाळ्यात त्या पुढच्या निरीक्षणाची पहिली फेरी आम्ही केली. मी आणि निखिल. मी घड्याळ जीपमध्ये ठेवले होते. सोळाव्याच्या काठावर आम्ही जाऊन बसलो आणि त्या जागेने श्वास रोखला. उघाडीचा खांब पलीकडे उभा होता, उन्हात कमरेपर्यंत विरघळलेला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग पाण्यात एक वलय उठले, त्याच्या मध्यभागी काहीही नसलेले. मग दुसरे, जरा अलीकडे. मग तिसरे. कोणीतरी पाण्याखालून आमच्याकडे चालत यावे, तशी ती वलये एका रेषेत जवळ येत होती. निखिलने माझा दंड धरला. अगदी आमच्या पायांशी, लव्हाळ्यांत, एक बारीक तपकिरी डोके वर आले. त्याने आमच्याकडे पाहिले आणि पाणी न हलवता ते परत खाली गेले.

मी पत्रकात लिहिले, "किमान एक."

रस्त्याशी आल्यावर निखिल ड्रायव्हरच्या दाराशी थांबला, वळला आणि हनुवटीने माझ्याकडे निर्देश केला. एक. स्वतःकडे केला. दोन. मग आम्ही आलो त्या बांधाकडे पाहत त्याने हनुवटी उचलली, आणि ती पुरती खाली येण्याआधी पुन्हा उचलली.

"तीन," तो म्हणाला. "चार."

तो थट्टा करत नव्हता. बांधावर भरतीचा ताजा चिखल होता. त्यात आमच्या पावलांच्या दोन रांगा असायला हव्या होत्या. मी विज्ञान शिकलेली आहे. मागे जाऊन त्या मोजायला मला दोन मिनिटे पुरली असती, आणि माझ्या जुन्या वहीत तर तसा आदेशच लिहिलेला आहे: मोजणी तपासून घ्यावी. मी मागच्या बाकावर दाराला चिकटून बसले आणि निखिलने गाणी न लावता जीप सुरू केली.

त्या दिवसाच्या पत्रकात, बावीस कप्प्यांच्या खाली, मी एक ओळ हाताने आखली आहे. तिला क्रमांक दिलेला नाही. तिच्यापुढच्या चौकटीत मी पेन्सिलीचे टोक टेकवले, आणि उचलले.